साहेब व्हायच्या आधीचा गुलाल

गुलाल पोराच्या कानात गेला, डोळ्यात गेला, टाळूवर तर थर बसला, आन् मी वरडत हुते की आवं लेकरू हाय वो, टाळू अजून भरली न्हाई त्येची, पन ऐकतंय कोन! दाराम्होरं हलगी चाललेली आन् आमच्या मामंजींना पोरांनी खांद्यावर घेतलेलं. परीक्षा दिली माझ्या नवऱ्यानं आन् खांद्यावर सासरा. नवरा तर गावातच नव्हता.

झालतं आसं, पेपरात ह्यांचा नंबर आलता. तहसीलदार, फौजदार करत्यात न्हवं सरकारात, त्या परीक्षेची पयली पायरी. ती पास झाली की खऱ्या परीक्षेला बसू देत्यात, एवढंच. माझं शिक्षन नववी नापास, तरी मला ठावं हुतं, कारन ह्यांनीच सांगितलं हुतं. मी आत्याबाईंना, म्हंजी सासूला, हळूच म्हनलं बी, आत्याबाई, अजून दुसरी परीक्षा हाय, मग मुलाखत हाय. आत्याबाई म्हनल्या, "तू गप. नववी नापास तू, तुला काय कळतंय परीक्षेतलं?" बरोबर हाय की. नापास व्हायचा अनुभव मला, पास व्हायचं त्यांनाच कळनार.

मामंजींचं म्हननं, नंबर सरकारनं छापलाय, सरकार काय खोटं बोलतंय व्हय! मग द्राक्षाचं क्रेट वाहायची ट्रॉली धुतली, तासगावहून हार आनला, आन् साहेब नसताना साहेबाची मिरवनूक निघाली. पलीकडच्या आळीतल्या एकाचा पोरगा फौजदार झाल्यापासनं मामंजींना जेवन ग्वाड लागत नव्हतं. बाग हाय, बेदान्याचं शेड हाय, हिरीला पानी हाय. पन दाराम्होरं सरकारी जीप थांबत न्हाई, ह्यो एवढाच आजार.

दुसऱ्या दिवसापासनं मी साहेबीन. शेडात बेदाना निवडाय जायचं बंद, बायकांत बसून हसायचं बंद. आत्याबाईंनी माझी बोली सुधराय घेतली. "आगं, हाय नगं म्हनू, आहे म्हन. उद्या बंगल्यावर राहायचं हाय तुला." मी म्हनलं, बरं आहे. त्या म्हनल्या, "हां, आता बरं हाय."

आन् मानसं याय लागली. एकाचा बांध भावानं कोरलेला, एकाच्या लेकीची बदली आडलेली. एक म्हातारी आली, तिला एस्टी तिच्या वस्तीपशी थांबवून पायजे हुती. मामंजी समद्यांना च्या पाजायचं आन् म्हनायचं, "बघू, साहेबांच्या कानावर घालतो." पोटच्या पोराला साहेब म्हनत हुतं वो, आन् त्यो पोरगा तिकडं मिरजेत एका खोलीत, डब्यावर जगतोय.

मग ह्ये आलं. स्टँडवर हार घिऊन मानसं उभी, ती बघून आधीच्याच थांब्यावर उतरलं आन् बागंतनं चालत मागल्या बाजूनं शेडात. मला निरोप धाडला, पोराला घिऊन ये. शेडात जाळीवर द्राक्षं वाळत हुती, त्या वासात पोरगं लगीच झोपलं. ह्यांच्या हाताकडं बघितलं तर बोटं चिरलेली, नखात काळं.

"मी म्होरली परीक्षा देत न्हाई," ह्ये म्हनलं.

मला वाटलं चेष्टा. "बरं," म्हनलं, "मग काय द्यायचं ठरवलंय?"

"खोलीच्या खाली तंबोरे करायचा कारखाना हाय. आभ्यासाला बसलो की खालनं सारखं टिंग टिंग. एक दिस भांडायला गेलो, आवाज बंद करा म्हनून. तिथला म्हातारा म्हनला, बस, ही तार नीट बोलूस्तोर थांब, मग भांड. बसलो."

"आन् तार बोलली?"

"बोलली. संध्याकाळ झालती."

"मग भांडलासा न्हवं?"

"न्हाई. दुसऱ्या दिवशी बी गेलो."

दिवाळीपासनं जात हुतं म्हनं. तंबोऱ्याला लागतो त्या वाळल्या भोपळ्याचा गर खरवडायचा, लाकूड घासायचं, लाख लावायची. मी हितं साहेबीन हून च्या गाळतेय आन् साहेब तिकडं भोपळा खरवडतोय. मी म्हनलं, आवं पन का? का वो? डोकं चांगलं हाय तुमचं, नंबर आलाय.

तर म्हनलं, "आभ्यासिकेत आमी तिघं एका बाकावर बसतो. एकाच्या डब्यातलं दुसरा खातो. आन् मनात तिघांच्याबी एकच, बाकीचं दोघं पडावंत. नंबर आला त्या दिशी शेजारचा रडला, आन् मला बरं वाटलं गं. ते बरं वाटनं मला पटना."

"व्हय की," मी म्हनलं. "दुनियेला पटतंय, तुमालाच पटना. जल्माचा अर्थ शोधताय न्हवं? मग घावला का भोपळ्यात?"

"अजून न्हाई," हसलं वो, हसलं! "पन भोपळा खरवडताना शेजारचा पडावा आसं वाटत न्हाई."

माझं म्हायेर कोरेगावच्या अंगाला. तिथं घराआड फौजी. मला एक फौजी सांगून आलता, चांगला उंच हुता, पन माझ्या बापानं परत लावला, का तर हितला मुलगा साहेब होनार हाय. बापानं जावई न्हाई केला, पदच बघितलं. आता ते पद शेडात बसून मला म्हनत हुतं, "खोली ल्हान हाय, पन या दोघंबी. मी वढून न्हेत न्हाई. तुझ्या मनानं ये."

तुझ्या मनानं ये! ज्याच्या हातात एकच पिशवी आसती त्येला आसलं बोलाय सुचतं. माझ्या अंगावर पितं लेकरू.

मामंजींना सांगितल्यावर ते आधी वरडलं, ते बरं हुतं. मग गप झालं, ते वाईट. कवातरी म्हनलं, "जा. खरवड जा भोपळं. पन नातू हितनं हालायचा न्हाई. सुनंला जायाचं आसंल तर तिनं एकटीनं जावं. परीक्षा दिऊन आलास की पोरगं तुझं." आन् गावाला काय सांगायचं तेबी ठरवून टाकलं. साहेब ट्रेनिंगला गेलेत. ह्ये दारात उभं राहिलं, माझ्याकडं बघत. मी पोराला आसं धरलेलं की ते रडाय लागलं. माझ्यानं एक पाऊल हाललं न्हाई. ह्ये गेलं.

मग पोराचं उष्टावन आलं. आमच्यात मामानं खीर चाटवायची आन् मग लेकराम्होरं पाटावर चार वस्तू ठेवायच्या. मातीचं ढेकूळ, वही, एखादं हत्यार, धान्य आसं. पोरगं ज्येला हात घालंल ते त्यो होनार. माझ्या भावाला आमच्या चुलत्यानं पानी पाजायचा तांब्या ठेवलेला, त्यो तांब्याच घिऊन बसला, आज त्यो मळ्यात सुखानं दारं धरून पिकाला पानी पाजतोय. तर मामंजींनी पाटावर काय ठेवावं? एक पेन. त्येच्या शेजारी दुसरं पेन. एक फाईल. आन् तालुक्यासनं आनलेला रबरी शिक्का, शाईसकट. माती न्हाई, धान्य न्हाई, खुळखुळा तर न्हाईच. लेकरानं पायजे ते निवडावं, मामंजींचं कायबी म्हननं नव्हतं.

पोरगं रांगत गेलं, शिक्का उचलला आन् तोंडात घातला. जीभ निळी, व्हट निळं, आन् समदी मानसं टाळ्या वाजवाय लागली. "शिक्का मारनार! कलेक्टर होनार!" मी तोंडात बोट घालून शाई काढतेय, आत्याबाई म्हनत्यात, काढू नगं गं, शुभ हाय. मामंजी उठून उभं राहिलं. म्हनलं, "ह्येचा बाप हातनं गेला, ढिला सोडला म्हनून गेला. ह्येला मी सोडत न्हाई. अंगातलं झबलं सुटलं की सांगलीला इंग्रजी शाळंत घालतो, तिथंच बोर्डिंगात. आयचं त्वांड सुट्टीला बघंल."

तवर मी भीत हुते ते नवऱ्यामागं गेल्यावर काय खाऊ म्हनून. आता ह्ये दुसरं भ्या आलं आन् ते पयल्याच्या उरावर बसलं. माझं निळ्या तोंडाचं पोरगं कुठल्यातरी बाकावर बसलंय आन् शेजारचं पडावं म्हनून वाट बघतंय, आसं मला दिसाय लागलं, भाकरी थापताना दिसायचं, पानी भरताना दिसायचं. अर्थ-बिर्थ मला तवाबी कळत नव्हता.

बाजारच्या दिवशी समदी बागंत गेलेली बघून मी पोराला काखंत मारलं, पिशवी घेतली आन् स्टँडवर गेले. एस्टी येतच हुती आन् मागनं फटफटीचा आवाज आला. मामंजी. उतरलं, कायबी न बोलता पोरगं माझ्या हातातनं काढून घेतलं.

"घरला चल."

मी म्हनलं, "मामंजी, द्या वो." एवढंच आलं तोंडातनं.

तवर बाजाराची मानसं जमली. ज्येचा बांध भावानं कोरलेला त्यो गडी म्होरं हून म्हनला, "काय आबा! सूनबाईला साहेबाकडं पोचवाय व्हय? ट्रेनिंग संपलं वाटतं, बंगला मिळाला!"

मामंजींनी त्येच्याकडं बघितलं. मग समद्यांकडं. न्हाई म्हनायचं तर का न्हाई, ते सांगाय लागतंय. साहेब न्हाई, बंगला न्हाई, गुलाल फुकट गेला, ते भर बाजाराच्या दिवशी सांगायचं.

"व्हय," म्हनलं. "मिळाला."

"आरं सरका रं! साहेबीनबाईंना जागा द्या!" मला मानसांनी उचलूनच गाडीत घातलं म्हना की, खिडकीपशी बसवलं बी, पिशवी मांडीवर टाकली. आन् पोरगं खाली, मामंजींच्या छातीशी. कंडक्टरनं घंटी मारली. मी खिडकीतनं दोन्ही हात भाईर काढलं.

"आवं आबा, नातू द्या की वर!" गडी वरडला. "का साहेबाला नुसती बायकूच धाडताय?"

समदी हसली. मामंजी हसलं न्हाईत. पोरानं त्यांच्या मुंडाशाचा सोगा मुठीत धरलेला. गाडी सुटाय लागली, चार पावलं ते गाडीसंगं चाललं, मग त्यांनी सोगा सोडवला, एक एक बोट उघडून, आन् पोरगं खिडकीतनं आत दिलं. लोक आमच्यात खिडकीतनं टोपी टाकून जागा धरत्यात, माझ्या मांडीवर लेकरू आलं.

"जीप धाडनार हुता त्यो," मामंजी मोठ्यानं म्हनलं, मानसांना ऐकू जाईल आसं. "पन हिला एस्टीच आवडती."

मला पोराला धरून धाप लागलेली, पदर सुटलेला, आन् ल्हान खोलीत चूल कुठं मांडायची हाय तेबी मी ह्यांना इचारलं नव्हतं. कंडक्टर आला. कुठलं देऊ, म्हनला.

"मिरज," मी म्हनलं. "एकच. पोराचं लागत न्हाई न्हवं?"