लॉन्सच्या आवाजाची परीक्षा

गेल्या महिन्यात एका रविवारी आमच्या गल्लीत एकाही घरी गॅस पेटला नाही... आणि तिथेच सगळा घोळ झाला.

आम्ही लातूरला राहतो. गल्लीच्या टोकाला आप्पांची मोकळी जागा आहे. आप्पा मूळचे रेणापूरकडचे, बोलायला मोकळे, पण एकदा मनात आलं की ऐकायचे नाहीत. तिथे ते लग्नासाठी लॉन्स काढणार असं कळलं आणि आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप पेटला. एरवी त्यावर गुड मॉर्निंग आणि नळाला पाणी कधी येणार, एवढंच असतं!

डीजे, वराती, दारासमोर गाड्या, आणि मुलांचा नीट परीक्षेचा अभ्यास... लातुरात नीटच्या अभ्यासापुढे देवाचंही काही चालत नाही. निवेदन द्यायचं ठरलं.

मी जरा चौकस स्वभावाची. आवाज घरात नक्की किती येणार, हे कुणालाच माहीत नव्हतं. भांडण सगळं अंदाजावर चाललेलं. म्हणून मीटिंगमध्ये मीच म्हटलं, एकदा वाजवून बघू की!

आप्पांना ते एकदम पटलं. "रविवारी नातीचं जावळ हाय, त्याच जागेवर करतो. डीजे लावतो. तुमी ऐका आन् सांगा. लई तरास होतंय म्हणलात तर लॉन्स रद्द, शबूद हाय माझा."

दोन दिवसांनी आप्पा आणि त्यांची सून कुंकवाचा करंडा घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक घरी चूलबंद आमंत्रण! म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, घरी स्वयंपाक करायचाच नाही. आमच्याकडे हे आमंत्रण सहसा कुणी मोडत नाही. भांडण असलं तरी जेवून येतात आणि मग भांडण पुढे चालू करतात.

रविवारी दुपारी सगळी गल्ली मांडवात. विरोध करणाऱ्यांचे पुढारी म्हणजे आमचे रिटायर्ड सर, ते मन लावून बुंदी खात होते. डीजे दणदणत होता. मी पुरी मोडता मोडता त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले, "सर, घरी आवाज किती येतोय, कोण बघतंय?"

सरांचा घास हातातच राहिला. ऐकायला घरी कुणी उरलंच नव्हतं... पंगतीत असा काही हशा पिकला की आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग मला आमच्याच गल्लीतल्या सुमनताई आठवल्या. मिस्टरांना, म्हणजे काकांना, लकवा झाल्यापासून त्या घर सोडून कुठे जात नाहीत. आमचं ताट घरी पाठवा, असं त्यांनी आप्पांना सांगितलं होतं. आप्पांनी स्वतः डबा भरला आणि आम्ही दोघं निघालो. मी तर खुशीत होते, एक साक्षीदार सापडला म्हणून.

दार उघडंच होतं. काका पलंगाजवळ फरशीवर पडलेले, मानेखाली उशी. ताई शेजारी बसून त्यांचा हात चोळत होत्या. उठवून बसवताना तोल गेला होता आणि एकट्या बाईला काही ते उचलवेनात.

आप्पांनी डबा तिथेच ठेवला आणि काकांच्या बगलेत हात घातले. तिघांनी मिळून त्यांना वर घेतलं. फारसं लागलं नव्हतं, पण काकांचे डोळे भरून आले होते. खरं सांगते, माझेही.

कपाटाची काच डीजेच्या ठोक्याबरोबर थरथरत होती. मी जे विचारायला गेले होते ते माझ्याच्यानं विचारवेना. ताईच बोलल्या, तेही न रागावता.

"लई हाका मारल्या वो. फोन लावले. दारात जाऊन वरडले. कोनीच न्हाई. आन् असतं तरी ह्यात काय ऐकू गेलं असतं?"

मी पर्स उघडली. फोनवर त्यांचे मिस्ड कॉल होते...

आप्पा बाहेर ओट्यावर गेले. डीजे बंद करा म्हणून सांगायला त्यांनी मुलाला फोन लावला. तिकडे कुणी उचलेना. पुन्हा लावला, मग सुनेला लावला. शेवटी फोन खिशात टाकून ते तसेच उन्हात झपाझप चालत गेले. थोड्या वेळाने आवाज थांबला.

संध्याकाळी ते सरांच्या दारात आले. "लॉन्स न्हाई करत," एवढंच म्हणाले. ग्रुपवर ही बातमी आली तेव्हा जिंकलो म्हणून कुणी साधा अंगठासुद्धा टाकला नाही.

आता रोज सकाळी काकांना खुर्चीत बसवायला आप्पा येतात. जागेचं काय करणार, असं मी एकदा विचारलं. "बगू की, घाई काय हाय," म्हणाले आणि काकांच्या पायात चप्पल सरकवत राहिले.

प्रत्येक मीटिंगमध्ये आम्ही आप्पांना सुनावायचो, की गल्लीत आजारी माणूस आहे, त्याचा तरी विचार करा. त्या आजारी माणसाच्या घरात मात्र आम्ही कितीतरी महिन्यांत पाऊल टाकलं नव्हतं. आप्पा रोज जातात.