फोटोतून कापलेली आई

थोरली पायाळू जन्मली. डोकं पुढे करून यायचं एवढं साधं काम, तेही हिने सरळ केलं नाही, असं तिची आई आल्यागेल्याला सांगते. पुढे शाळेत, नर्सिंगच्या कोर्सला, हॉस्पिटलात, जाईल तिथे तिची हीच तऱ्हा. मेट्रनने उजवीकडे म्हटलं की हिला डावीकडचं पटायचं, आणि वैताग असा की बऱ्याचदा डावीकडचंच बरोबर निघायचं. इस्त्रीच्या दुकानावर दोन खोल्या, त्यात आई, बाबा, धाकटा भाऊ आणि ही. माणसं चार, पण खालच्या इस्त्रीवाल्याला ऐकू जाई तो एकटीचा आवाज.

तर अशा बाईला तिच्या चर्चच्या मंडळीने परदेशी मिशनरी म्हणून पाठवलं. तोवर त्या चर्चमध्ये मिशनरी म्हणजे बाहेरून इकडे येणारा माणूस. इकडून तिकडे कुणी गेलेलं नव्हतं. पाळकसाहेबांनी एका रविवारी उपासनेत विचारलं, लांबच्या देशातल्या एका दवाखान्याला नर्स हवी आहे, कोण जाईल? झालं, सगळी मंडळी अचानक डोळे मिटून प्रार्थनेला लागली. हॉस्पिटलात नोकरी करणाऱ्या चार जणी होत्या, त्यांची प्रार्थना तर संपता संपेना. थोरली तेवढी उभी राहिली. आईने मनगट धरून खाली ओढलं, तरी उभीच. जमत आलेलं स्थळ त्याच आठवड्यात मोडलं. मुलाकडच्यांचं म्हणणं, देवाची सेवा चांगलीच, पण जवळपास कुठे करता आली तर बघा.

तिकडे पोचल्यावर पहिल्या वर्षात तिचा सगळा माज उतरला. दवाखाना म्हणजे पत्र्याखालची एक खोली. तपासायचं एक टेबल, दोरीने दार बांधून ठेवावं लागे असं औषधांचं कपाट, आणि खुणांनी बोलणारा एक कंपाउंडर. भाषेचा गंध नाही. कुठे दुखतंय असं विचारायला जावं, तर बायका तोंडावर हात धरून हसायच्या. ती रोज पांढराशुभ्र युनिफॉर्म घालून दारात बसे आणि दिवसभर कुत्रं फिरकत नसे. संध्याकाळी देवाशी भांडण. हात जोडून नाही, कमरेवर हात ठेवून. मला इथे आणलंस ते ठीक, आता माणसं आणायला कोण जाणार, मी की तू, असं ती त्याला रोखठोक विचारायची.

माणूस आणलं ते समोरच्या पंक्चरवालीने. ही बाई रस्त्यापलीकडे झाडाखाली सायकलींची पंक्चर काढायची. नवरा सोडून गेलेला, पदरी तान्हा मुलगा, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक पैशांवरून हुज्जत घालायला धजत नसे. मुलाला जुलाब लागले आणि सगळे उपाय थकले तेव्हा कुठे ती रस्ता ओलांडून आली. पोराचे डोळे आत गेलेले, चामडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. थोरलीने मीठ-साखरेचं पाणी कालवलं, चमचा आईच्याच हातात दिला आणि घोट घोट कसं पाजायचं ते शेजारी बसून दाखवलं. एक उलटी झाली की थांबायचं, मग परत सुरू. पोर वाचलं. त्या दिवसापासून पंक्चरवालीने दवाखान्याची जाहिरातच हाती घेतली. सायकल घेऊन कुणी आलं आणि त्याला नुसती शिंक जरी आली, तरी ती म्हणे, आधी समोर जाऊन ये, तोवर मी चाकाला हात लावत नाही. थोरलीला भाषाही तिनेच शिकवली. त्यातल्या निम्म्या शिव्या होत्या, हे थोरलीला पुष्कळ उशिरा कळलं.

सहा महिन्यांत दारात रांग लागू लागली. बाळंतपणं होऊ लागली, जखमा भरू लागल्या. कुणी विचारलं की ती आपल्या प्रभूबद्दल सांगायची, अगदी मनापासून. येशूचं नाव तिने कधी लपवलं नाही, पण ते औषधाच्या बाटलीला बांधूनही दिलं नाही. दवाखान्याचा खर्च चालवणाऱ्या मिशनच्या ऑफिसातून फोन येई, किती जण मंडळीत आले? ती म्हणे, दवाखान्यात किती आले ते विचारा. अशा उत्तरांनी ऑफिस काही खूश होत नव्हतं.

आणि मग बाबा गेले. तिकडे पुराने रस्ता वाहून गेला होता. निरोप पोचला तोवर इकडे माती देऊन झाली होती. त्या दिवशी पंक्चरवालीने दुकान उघडलं नाही. दवाखान्याच्या पायरीवर थोरलीशेजारी येऊन बसली आणि ती तोंडाळ बाई संध्याकाळपर्यंत एक शब्द बोलली नाही. परदेशातल्या सेवेचं फळ काय म्हणून लोक विचारतात. थोरलीच्या मते हेच ते फळ, पण असं फळ ऑफिसला कसं कळवणार?

आता त्या फोटोचं. पंक्चरवालीच्या मुलाच्या आजारपणात थोरलीनेच तो काढला होता, आईच्या मांडीवरचा, आणि अहवालासोबत भोळेपणाने पाठवून दिला होता. ऑफिसने त्यातून आई कापली. पोर तेवढं ठेवलं, खांद्यावरचा हात काही निघाला नाही म्हणून तोही राहिला, आणि खाली लिहिलं, या अनाथ बाळाला तुम्ही जगवाल का? पोस्टर गाजलं. त्याची कॅलेंडरं निघाली. काही वर्षांनी भेटीला आलेल्या पाहुण्यांनी त्यातलंच एक मोठ्या हौसेने दवाखान्याच्या भिंतीवर लावलं. पंक्चरवाली आत आली, भिंतीपुढे थांबली, आणि तिने विचारलं, "मी कुठे गेले?"

 खालच्या ओळीचा अर्थ, एव्हाना थोरलीची भाषा शिकलेल्या कंपाउंडरने सांगून टाकला. पंक्चरवाली म्हणाली, "मी मेले असं सांगितलंत होय त्यांना." तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून ते जास्त लागलं. थोरलीने कॅलेंडर उतरवून फाडलं आणि शब्द दिला, हा फोटो पुन्हा माझ्या हातून कुणाला दिसणार नाही. तरी पुढचा आठवडाभर पंक्चरवाली समोरून हाक मारायची बंद झाली होती. मलेरियाने दिला नव्हता एवढा त्रास त्या आठवड्याने दिला.

अशी अकरा वर्षं झाली. यंदा ती रजेवर घरी आली ती टांगत्या तलवारीखालीच. मिशनने कळवलं होतं, दवाखान्याचा भार यापुढे तुमच्याच मंडळीने उचलायला हवा. रविवारी उपासनेत तुम्ही बोला, मंडळी तयार झाली तर परत जा. नाहीतर दवाखान्याला कुलूप.

शनिवारी मिशनचे सेक्रेटरी लॅपटॉप घेऊन घरी आले. माणूस वाईट नव्हता. वर्षानुवर्षं लोकांना खिशात हात घालायला लावून तो कामं उभी करत आला होता, आणि कुठल्या फोटोला खिसे उघडतात हे त्याला पाठ झालं होतं.

"सुरुवात त्या बाळाने करू," ते म्हणाले. "काळीज हललं पाहिजे."

"तो फोटो नाही दाखवायचा."

"अहो सिस्टर, तुम्हीच तर पाठवलेला."

"मी आईसकट पाठवला होता."

"आई दिसली की लोक म्हणतात, आहे की सांभाळायला कुणीतरी. मग हात आखडतो. मी काय शौक म्हणून कापली?"

"तिला शब्द दिलाय मी."

सेक्रेटरींनी लॅपटॉप मिटला. मग उद्या काय होईल त्याला मी जबाबदार नाही, एवढं म्हणून चहा न संपवता ते जिना उतरले. धाकटा म्हणाला, "ताई, एक फोटो दाखवलास तर तुझं काय जातंय? ती बाई काय इथे बघायला येणार आहे?" भावजयीने त्याला डोळ्यांनी गप्प केलं. आई ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "बंद पडला दवाखाना तर पडू दे. मला तर बरंच वाटेल." आईने हे कधी लपवलं नव्हतं. दर खेपेला निघताना ती दारात उभी राहून रडायची, आणि चार दिवस कुणाशी धड बोलायची नाही.

रविवारी चर्च गच्च भरलं होतं. थोरली व्यासपीठावर गेली, आपला पेन ड्राइव्ह तिने प्रोजेक्टरवाल्याकडे आधीच दिला होता.

"मला काळीज हलवणारी गोष्ट सांगायला सांगितलंय," ती म्हणाली. "तर सांगते. एक नर्स होती, स्वतःला फार शहाणी समजणारी. पाणी उकळून प्या म्हणून बायकांना घसा फोडून सांगायची. आणि गेल्या वर्षी घाईत स्वतःच न उकळलेलं पाणी प्यायली."

लोक हसले. मग पडद्यावर फोटो आला आणि हसू जागच्या जागी विरलं. खाटेवर एक बाई पडलेली. डोक्यावरचे केस काढलेले, गालफडं बसलेली, गळ्याची हाडं वर आलेली. तिचं डोकं मांडीवर घेऊन वंगणाच्या डागांचा शर्ट घातलेली दुसरी बाई चमच्याने काहीतरी पाजते आहे. शहरातल्या डॉक्टरला दाखवायला म्हणून कंपाउंडरने काढलेला तो फोटो. खाटेवरचा चेहरा ओळखायला मंडळीला वेळ लागला. दुसऱ्या रांगेतल्या आईला नाही लागला. या टायफॉइडबद्दल तिला एक अक्षरही कळवलेलं नव्हतं. तो दीड महिना फोन लागत नाही म्हणून तिची समजूत घातली होती.

"ही मी," थोरली म्हणाली. आईकडे बघायचं तिने टाळलं. "आणि ही पंक्चर काढणारी बाई. मीठ-साखरेचं पाणी पाजतेय, मीच तिला शिकवलेलं. तुमच्या पोस्टरवरचं अनाथ बाळ हिचं आहे. त्याच्या खांद्यावर नुसताच हात उरलाय ना, तो हिचा. तिकडचे लोक बिचारे आहेत आणि आपण त्यांना वाचवतो, असं तुम्हाला ऐकायचं असेल तर मला ते सांगता येणार नाही. त्यांनी मला वाचवलंय. मला परत जायचंय ते म्हणून, आणि माझ्या देवाने मला तिथे ठेवलंय म्हणून."

सेक्रेटरी उठले. प्रोजेक्टर बंद करायला लावून म्हणाले, "हे बघून उद्या कोण आपली मुलगी पाठवेल? साहित्य कुठलं दाखवायचं ते ऑफिस ठरवतं. ते मान्य नसेल तर मिशन तुम्हाला पाठवणार नाही."

"नका पाठवू," थोरली म्हणाली. "पण ती बाई जिवंत आहे. तिला मारून मी दवाखाना चालवणार नाही."

पाळकसाहेबांना भांडणाचं वावडं. त्यांनी चष्मा पुसला, परत घातला. "पहिल्यांदा सिस्टरना पाठवलं ते मंडळीने," ते म्हणाले. "तेव्हा आताही मंडळीलाच विचारू. सिस्टरनी परत जावं, भार आपण उचलावा, असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. सगळ्यांच्या नजरा दुसऱ्या रांगेकडे. ज्या आईने आत्ता ते बघितलं तिच्यादेखत हात वर कुणी करायचा?

आईला ते कळलं. बाकाचा आधार घेत ती उभी राहिली. धाकट्याला वाटलं, आता ही ताईला घरी घेऊन जाणार.

"ती बाई किती दिवस होती तुझ्याजवळ?" आईने विचारलं.

"ताप उतरेपर्यंत."

"आणि दुकान?"

"बंद."

हातावर पोट असलेल्या माणसाने दुकान बंद ठेवणं म्हणजे काय, हे आईला कुणी समजावून सांगायला नको होतं. ती सेक्रेटरींकडे वळली.

"साहेब, ही त्या तापात गेली असती, तर तुम्ही पोस्टर हिचं काढलं असतं. आणि त्यातून मला कापलं असतं."

सेक्रेटरी खाली बसले. आई थांबली नाही.

"पाठवणार नाही म्हणता. तुम्ही कधी पाठवलंत? तुम्ही तिकीट काढता. पाठवते मी. दर खेपेला, दारात उभी राहून, आतून नको नको म्हणत, पाठवते मी. मला ही इथे हवी आहे. आजही हवी आहे." असं म्हणून तिने हात वर केला, कुणावर तरी उगारावा तसा.

मागच्या बाकांवरून हात वर यायला लागले, मग मधल्या, मग पुढच्या. पाळकसाहेबांनी मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली. थोरली इतक्या वर्षांत मंडळीपुढे कधी रडली नव्हती, ती व्यासपीठावर भोकाड पसरल्यासारखी रडायला लागली. आईचा हात अजून वरच होता.

"रडतेस काय," आई म्हणाली. "जा म्हटलंय ना."