इंचाला सहा टाके

इस्पितळाच्या तळघरात शिवणखोली आहे. तिथे माझ्या थोरल्या जाऊबाईंनी सव्वीस वर्षं मशीन चालवलं, आणि त्यातली अकरा वर्षं मी समोरच्या टेबलावर कापड बेतलं. घरी त्या थोरल्या, इस्पितळात सगळ्यांच्या मावशी. बोलणं मोजकं, पण टाका असा की भिंग घेऊन शोधावा. लहानपणी त्यांची आई शिवणीवरून नख फिरवायची. नख अडलं की सगळी शिवण उसवायची. मोठा टाका म्हणजे आळशी बाई, हे त्यांच्या हाडात मुरलं होतं.

चार वर्षांपूर्वी शस्त्रक्रियेच्या झग्यांसाठी नवं कापड आलं. कापडवाला समजावून सांगायला स्वतः खाली आला. बाहेरचा थर कमळाच्या पानासारखा. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, तसेच यावर. त्यामुळे रक्ताचा थेंब टिकत नाही, घरंगळतो. आतला थर शेवाळासारखा, घाम टिपून पसरवणारा. त्याने मगभर पाणी ओतलं, तर मोती सांडावेत तसं ते पळालं. मला वाटलं, देवाने हे कधीचं चिखलात उगवून ठेवलंय, माणसाला आत्ता दिसलं.

"एकच सांगतो, मावशी," जाताना तो म्हणाला. "इंचाला सहाच टाके. जास्त नकोत."

तो जिना चढून गेला तशी थोरल्यांनी कापड चिमटीत धरून पाहिलं. मग म्हणाल्या, "सहा? पोती शिवायला बसलोय का आपण?"

"अहो, पण तो सांगून गेलाय ना."

"त्याने कापड विणलं. शिवणार मी."

त्यांनी चौदा घातले. झगे असे देखणे झाले की मोठे डॉक्टर म्हणाले, "मावशी, हा घालून लग्नाला जाईन मी."

तिसऱ्या महिन्यात थिएटरची सिस्टर एका लांबलेल्या शस्त्रक्रियेत चार तास रक्ताच्या ओलीवर डावा हात टेकून उभी होती. झगा काढला तर डावी बाही आतून कोपरापर्यंत लाल. हातावर दोन दिवसांपूर्वीचा ओला ओरखडा होता. आणि रोग्याच्या रक्तात कावीळ होती, वर्षानुवर्षं यकृतात दबा धरून बसणारी, जिच्यावर लस नाही. एक तपासणी लगेच, एक सहा आठवड्यांनी, शेवटची सहा महिन्यांनी. तोवर छातीठोकपणे कोणीच काही सांगू शकत नव्हतं. सिस्टरच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं.

सगळे म्हणाले, कापडच खोटं. कापडवाल्याला तसं पत्र गेलं.

दुसऱ्या दिवशी थोरल्यांनी एक कोरा झगा पसरला, बाहीत पांढरा रुमाल सरकवला आणि लाल शाईचं पाणी शिवणीवर ओतलं. पाणी वरच थांबलं.

"बघा," मी म्हटलं, "तुमचा काही संबंध नाही."

त्यांनी आता ओल्या शिवणीवर कोपर टेकवलं, सगळा भार टाकला आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. पाच मिनिटांनी रुमाल काढला. त्यावर लाल ठिपक्यांची सरळ रेघ, एकेका टाक्याला एकेक ठिपका. मग एका तुकड्यावर सहा टाक्यांची शिवण घालून तसंच दाबलं. रुमाल कोरा निघाला. चौदा टाक्यांत सुईची भोकं इतकी जवळ पडली होती की भार येताच त्यांची एकच फट व्हायची. आतला थर मग ते रक्त घामासारखंच ओढून घ्यायचा.

"पानाची चाळणी केली गं मी," त्या म्हणाल्या.

"कोणाला बोलू नका. पत्र गेलंय, तो बघून घेईल." हे मी बोलले. लिहिताना आजही लाज वाटते.

"त्याने तर बजावलं होतं," एवढंच म्हणून त्या जिन्याकडे निघाल्या. मी मागोमाग.

सिस्टर बेसिनपाशी हात धूत होती. "सिस्टर, कापड चांगलं होतं. सहा टाके सांगितले होते, मी चौदा घातले."

"का?"

"चांगलं दिसावं म्हणून."

सिस्टरने नळ बंद केला. "मावशी, आत्ता जा तुम्ही. माझ्या तोंडून नको ते जाईल."

थोरल्यांनी मेट्रनला सगळं लिहून दिलं. कापडवाल्याला माफीचं पत्र गेलं. टोचलेलं कापड पुन्हा अखंड होत नाही, म्हणून मी सगळ्या बाह्या नव्याने बेतल्या. थोरल्यांचा हात सवयीने बारीक टाक्याकडेच वळायचा. शेवटी त्यांनी मशीनचं बटण सहावर आणून चिकटपट्टीने बांधून टाकलं.

सहा आठवड्यांची तपासणी चांगली आली. ती आम्हाला मेट्रनकडून कळली. सिस्टर समोर आली तरी मान वळवून जायची. थोरल्यांनी देवापुढे बसणं सोडलं. "मागायला तोंड आहे का मला?" म्हणायच्या. मग मी दोघींच्या वतीने बसायचे.

सहा महिन्यांनी एका दुपारी सिस्टर स्वतः जिना उतरून आली. थोरल्यांनी मशीन थांबवलं.

"स्वच्छ आहे," सिस्टर म्हणाली.

"पुन्हा तपासणी कधी?"

"आता नाही. संपलं."

थोरल्यांनी पदर तोंडाला लावला. सिस्टर दारातच उभी होती, जाऊ की थांबू अशी. मग तिने कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसली. "मावशी, मी रागावले होते. अजूनही थोडी आहे."

"असू दे गं," थोरल्या म्हणाल्या. "असू दे."

"चहा आहे का?"

थर्मास थोरल्यांच्याच हाताशी होता, पण त्या अजून पदराने डोळे पुसत होत्या. मी उठले आणि तिघींचा ओतला.