चलानाच्या तळाशी

सकाळी लॉगिन केलं तर स्क्रीनवर माझ्या नावासमोर ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं, 'झाडूवाली'. मागे मालकाचे चिरंजीव, छोटे शेठ, हसत उभे होते. आमच्या कापडाच्या गाळ्यात ऑर्डरींचं नवं सॉफ्टवेअर आलं होतं. कुणी काय बघायचं, कुणी काय बदलायचं, कुणाच्या रोलला काय नाव द्यायचं, सगळं त्यांच्या हातात. मॅनेजरचा रोल 'मॅनेजर'. हिशेबवाल्याचा 'अकाउंट्स'. माझा हा.

"मजाक आहे गं. तुझी आई झाडतेच ना इथं?"

सगळं ऑफिस खो खो हसलं.

आई त्याच गाळ्यात झाडू मारायची. मी बी.कॉम. करून ऑर्डरी घ्यायला लागले होते. पहिल्याच दिवशी मोठ्या शेठनी आडनाव ऐकून विचारलं होतं, "घर गावात की गावाबाहेर?" उत्तर त्यांना माहीत होतं. ते माझ्या तोंडून हवं होतं.

मला ऑर्डर चढवता यायची, मालासोबत जाणारं चलान छापता यायचं. बास. एक तागा चुकला तरी दुरुस्तीची परमिशन नाही. केबिनच्या दारात उभं राहायचं, छोटे शेठ मोबाईल बघत बसायचे. आणि प्रत्येक चलानाच्या तळाशी छापून यायचं, 'ऑर्डर घेणार: झाडूवाली'. पार निजामपुऱ्यातल्या दुकानांत गेलं ते. एका व्यापाऱ्यानं फोनवर विचारलं, "झाडूवाली बोल रही है क्या?" मी "हां" म्हणाले. पोटासाठी म्हणाले. त्या "हां"ची आजही चीड येते.

आईला इंग्रजी वाचता येत नाही, आणि मीही तिला सांगितलं नव्हतं. काही महिन्यांनी एके दिवशी टेम्पोवाल्यानं तिला चलान दाखवलं. "मौसी, इसमें आपका नाम क्यों छापते हैं?" बिचाऱ्याला खरंच तसं वाटलं होतं. आई कागद घेऊन माझ्या टेबलाशी आली.

"काय लिवलंय?"

मी मान खाली घालून वाचलं.

"झाडू माझा हाय," आई म्हणाली. "कष्टाचा हाय. त्याची शिवी करून तुला कुनी दिली?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिवी देणारा एसीत बसलेला, आणि तोंड लपवून मी फिरत होते. का म्हणून? मी तडक केबिनमध्ये गेले आणि न विचारता समोरच्या खुर्चीत बसले.

"नाव बदला. आणि हे नाव तुम्ही टाकलं, ते चूक होतं, असं सगळ्यांसमोर सांगा."

"ज्यादा मत बोल. लॉगिन बंद करतो."

"करा."

केलं. खाली टेम्पो भरून उभे, चलान काढणारी मी एकटीच, ते निघेना. मग मोठे शेठ धावत आले. आवाजात साखर. "पोरी, हे बघ, बदललं." दोन बटणं दाबली आणि झालं, 'ऑर्डर ऑपरेटर'. एवढंसं काम होतं! एवढ्याशा कामासाठी इतके महिने माझी अब्रू दुकानोदुकानी वाटली यांनी. मी सगळ्यांसमोर चूक कबूल करायचं विचारलं तर म्हणाले, "बदललं ना? आता डोक्यावर बसू नको."

मी उठले नाही. संध्याकाळपर्यंत त्यांनी मला आणि आईला, दोघींनाही कामावरून काढलं. आम्ही चलानं घेऊन पोलीस ठाण्यात गेलो आणि जातीवरून हिणवल्याची तक्रार नोंदवली.

आठवड्यानं मॅनेजर टेमघरला आमच्या घरी आला. "शेठ म्हणतात, तक्रार मागे घे. दोघींना परत घेतो. तुला रेट बदलायची परमिशनपण देतो."

आई भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "याला चा नको इचारू."

मी त्याला उंबऱ्याबाहेरूनच वाटेला लावलं. घरात आता कमावणारं कुणी नाही. तरी तक्रार मागे घेणार नाही. तो शब्द कुणी टाईप केला, हे छोट्या शेठना कोर्टात उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. ते ऐकायला मी समोर बसलेली असेन.