थरथरणारी वडी

फॉर्मवर एक चौकट होती: खाण्यापिण्याची काही पथ्यं आहेत का? मी लिहिलं, ‘काही नाही. सगळं खातो.’ आणि ‘सगळं’ या शब्दाखाली ठसठशीत रेघ मारली. त्या रेघेची शिक्षा मी पुढे सहा दिवस भोगली.

तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. बाबा लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर, त्यामुळे मीही डॉक्टर होणार हे मी सोडून सगळ्यांनी ठरवून टाकलेलं. त्यासाठी उन्हाळ्याच्या सुट्टीत एडिनबराला आठवडाभराचा कोर्स होता आणि राहायची सोय तिथल्या एखाद्या कुटुंबात. शाळेत मी जर्मन घेतलंय हे पाहून कोर्सवाल्यांनी मला एडिनबरात राहणाऱ्या एका जर्मन कुटुंबाकडे टाकलं. माझं जर्मन म्हणजे ‘माझ्या बहिणीकडे एक ससा आहे’ इतपत. मला बहीण नाही.

आईने फॉर्म वाचला. “सगळं खातो? घरी दोडका केला की नाक मुरडणारा तूच ना रे?”

“स्कॉटलंडमध्ये दोडका कुठून येणार?”

“दात काढू नकोस. लोकांच्या घरी ताटात टाकलंस तर याद राख. म्हणतील, आईने काही शिकवलं नाही.”

“अगं खाईल तो,” बाबा पेपरामागून म्हणाले. “पिझ्झ्याचा डबाही चाटतो.”

खरं कारण मी दोघांनाही सांगितलं नाही. ‘हे नको, ते चालत नाही’ म्हणणारा इंडियन पोरगा मला व्हायचं नव्हतं. रविवारी आम्ही चिकन खायचो. त्या जोरावर मी स्वतःला जगातलं कुठलंही जनावर पचवणारा वीर समजत होतो.

रविवारी संध्याकाळी पोचलो. घरात तिघं होती. युनिव्हर्सिटीत नोकरी करणाऱ्या बाई, त्यांचे निवृत्त इंजिनियर नवरे आणि बाईंची म्हातारी आई. पहिल्या नावाने हाक मार असं त्यांनी सांगितलं, पण माझी जीभ रेटेना. मनातल्या मनात मी त्यांना काकू, काका आणि आजी करून टाकलं. बोलणं सगळं इंग्लिशमध्ये चालायचं. आजींचं इंग्लिश माझ्या जर्मनच्याच लायकीचं होतं, त्यामुळे आम्ही एकमेकांकडे बघून नुसते हसायचो.

साडेसहाला जेवायला बोलावलं. टेबलावर पाव, चीज, काकड्या, लोणी. सगळं थंडगार. मला वाटलं ही सुरुवात आहे, गरम मागून येईल. नाही आलं. त्यांच्याकडे संध्याकाळी चूल पेटतच नाही, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

मग काकांनी फ्रिजमधून दोन्ही हातांनी एक लांबट साचा आणला आणि ताटलीत उपडा केला. पच्‌ असा आवाज झाला. लांबून मला तो खरवस वाटला. चकाकणारा, मऊ, सुरीचा धक्का लागताच थरथरणारा. तोंडाला पाणी सुटलं. जवळ आल्यावर दिसलं की आतून आरपार दिसतंय, आणि त्या आरपार दिसण्यात काहीतरी अडकलंय. राखाडी तुकडे. गुलाबी तुकडे. एका तुकड्याला कडेने एक केस होता.

“डुकराचं डोकं,” काका अभिमानाने म्हणाले. “मी स्वतः शिजवतो. पाच तास. त्याच पाण्याची जेली धरते. याला झ्युल्त्स म्हणतात.”

काकांनी जाड वडी कापून माझ्या ताटात ठेवली. ती ठेवल्यावरही थोडा वेळ हलत राहिली.

पहिला घास मी दातांना लावला आणि कुर्रर्र झालं. तो कान होता. बाकीचं जिभेवर वितळून टाळ्याला चिकटलं, थंड, बुळबुळीत, सर्दीच्या दिवसांत घशात उतरतं तसं. पण ताटात टाकायचं नव्हतं. मी तुकडे गोळ्यांसारखे पाण्याबरोबर गिळले. एकेक तुकडा खाली सरकताना नीट कळत होता. ताट स्वच्छ केलं आणि म्हणालो, “लव्हली.”

काकांचा चेहरा असा उजळला की मला माझी चूक तिथल्या तिथे कळली.

“बघ!” ते काकूंना म्हणाले. “सगळ्या एडिनबरात एक माणूस सापडला!” आणि दुसरी वडी माझ्या ताटात पडली.

मग काकूंनी चॉकलेट केक आणला. “घेणार?”

मी म्हणालो, “नको, थँक यू.” आमच्याकडे पहिलं ‘नको’ हे नुसतं घसा साफ करणं असतं. त्यावर समोरच्याने ‘अरे घे रे, लाजतोस काय’ म्हणायचं, आपण पुन्हा ‘नको’ म्हणायचं, आणि तिसऱ्या वेळी ‘बरं, एवढासाच’ म्हणून मोठा तुकडा घ्यायचा. काकू म्हणाल्या, “ओके.” आणि केक परत आत गेला. मी बघत राहिलो.

म्हणजे जे हवं होतं ते माझ्या तोंडच्या शब्दाने गेलं, आणि जे नको होतं ते रिकाम्या ताटाने दुप्पट आलं.

कोर्समध्ये दिवसभर काचेच्या बरण्यांतले अवयव बघायचे. अर्धं यकृत, कापलेलं मूत्रपिंड, औषधात तरंगणारं, फिकट. आणि संध्याकाळी त्यांचा चुलतभाऊ ताटलीत थरथरत बसलेला. सोमवारी दुसरी वडी घशाखाली जाईना. मी ती कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळून पॅन्टच्या खिशात घातली. जेवण संपेपर्यंत ती मांडीवर वितळत होती. वर जाऊन टॉयलेटमध्ये टाकली, पाणी सोडलं. जेली गेली. कान वर आला. पुन्हा पाणी सोडलं. पुन्हा कान. चौथ्या वेळी तो गेला तेव्हा काकू खालून विचारत होत्या, “पोट बरं आहे ना?”

मंगळवारी मी खिडकीतून मागच्या बागेत फेकली. एडिनबराचे सीगल कोंबडीएवढे असतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. बुधवारी सकाळी बागेत त्यांची लढाई जुंपली, आणि त्यातला एक, चोचीत गुलाबी काहीतरी लोंबकळत असलेला, काकूंच्या गाडीच्या टपावर बसून ते ताणत होता.

बस स्टॉपवर सोडायला येताना काकू म्हणाल्या, “आईने टाकलं असणार.”

मी बुटांकडे बघत चालत राहिलो.

“तिच्या लहानपणी घरात खायला नव्हतं. युद्ध संपलं होतं, पण भूक संपली नव्हती. आता विसरायला लागलीय, आणि ते दिवस परत आलेत. खाणं लपवते. हिवाळ्यात रेडिएटरमागे सॉसेज सापडली.” त्या चालता चालता थांबल्या. “माझ्या भावाला तिला जर्मनीत वृद्धाश्रमात ठेवायचंय. मी हट्टाने इथे ठेवलीय. पण आमचं ठरलंय, पुन्हा एकदा असं झालं, तर तिने जायचं. बागेतलं मी मोजणार नाही. पक्ष्यांना कोणीही घालतं.”

मला फार वाईट वाटलं. मान हलवून मी म्हणालो, “सो सॅड.” आणि एवढं स्पष्ट ऐकूनही माझी ट्यूब पेटली नाही. माझ्या डोक्यात एकच विचार होता: खिडकी बाद. आता कुठे?

वरच्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं. टॉवेल, चादरी, आजींचे लोकरी स्वेटर तिथे उबेला ठेवलेले. बुधवारची वडी नॅपकिनसकट मी स्वेटरांच्या मागे सारली. गुरुवारचीही. शनिवारी निघताना बॅगेत भरून नेईन असा माझा बेत होता. उबदार कपाट, वितळणारी जेली आणि डुकराचं डोकं यांचा एकमेकांशी काय संबंध असतो, हे भावी डॉक्टरला सुचू नये!

शुक्रवारी दुपारी परत आलो तर घराच्या सगळ्या खिडक्या सताड उघड्या. वारा असा की पडदे छताला लागलेले. आत पाऊल टाकलं आणि तो वास माझ्या नाकात नव्हे, दातांत शिरला. गोडसर, आंबूस, वर लोकर वाफाळल्याचा कुबट थर. मी तोंडाने श्वास घेतला तर त्याची चव आली.

वर काकू कपाटासमोर गुडघे टेकून बसल्या होत्या. समोर जुन्या टॉवेलवर दोन नॅपकिन. कागदाचा लगदा झालेला, त्यातून पिवळट पाणी खालच्या स्वेटरांत झिरपलेलं. तुकडे हिरवे पडलेले. एक माशी त्या कानावर निवांत फिरत होती. काका हाताने नाक दाबून उभे. आणि आजी आपल्या खोलीच्या दारात, चौकटीला धरून.

“सॉरी,” काकू मला म्हणाल्या. डोळे लाल होते. “तुला एवढे दिवस या वासात झोपावं लागलं.”

मला वाटलं आजी आता भडकतील, मी नाही म्हणतील, आणि मग कसंतरी निभेल. आजी हळूहळू पुढे आल्या. वाकून त्या लगद्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग स्वतःच्या दोन्ही हातांकडे बघितलं, पुढून, मागून, जणू ते हात कुठे कुठे जाऊन येतात त्याचा पत्ता लागेल. मग जर्मनमध्ये अगदी हळू काहीतरी म्हणाल्या. त्यातलं ‘मी’ आणि ‘कदाचित’ मला कळलं.

“काय म्हणाल्या?” मी काकांना विचारलं.

“म्हणते, कदाचित मीच ठेवलं असेन. आठवत नाही.”

त्या क्षणी जी किळस आली ती टॉवेलवरच्या गोष्टीची नव्हती.

“मी ठेवलं,” मी म्हणालो.

काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा विरघळला. “किती चांगला मुलगा आहेस तू.”

“नाही, खरंच मी. दोन्ही. बुधवारचं आणि गुरुवारचं.”

“तुमच्याकडे वडीलधाऱ्यांना असंच सांभाळून घेतात ना?” त्या काकांना म्हणाल्या, “बघ, याला आपल्या आईची लाज राखायचीय.”

“लाज नाही हो! टॉयलेटमध्येही टाकलं. कान वर येत होता! सीगलचंही मीच!”

“पण तुला तर आवडतं,” काका गोंधळून म्हणाले. “दोन दोन वड्या खातोस. लव्हली म्हणतोस.”

आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलत होतो आणि ते माझ्या संस्कारांच्या नावावर जमा होत होतं. काकूंनी फोन उचलला होता. भावाला लावणार होत्या.

“फ्रिजमध्ये आहे का ते अजून?” मी विचारलं.

“अर्धा साचा आहे.”

“आणा.”

काका खाली जाऊन वडी घेऊन आले. त्यांच्या डोळ्यांत मला थोडी आशाही दिसली. मी ताटली हातात घेतली. पाणी नाही, गिळणं नाही. सगळ्यांसमोर चावायचं ठरवलं. खालून तो वास, वर तोंडात ती थंडी. एकदा चावलं. दुसऱ्यांदा कुर्रर्र झालं. तिसऱ्यांदा चावायची वेळच आली नाही. पोटातून जे निघालं त्यात सकाळचा टोस्ट होता, कोर्समधलं सँडविच होतं आणि आठवडाभराचं सगळं ‘लव्हली’ होतं. अर्धं गालिच्यावर पडलं आणि उरलेलं काकांच्या फेल्टच्या चपलांवर.

काकांनी चपलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. असं दुखावलेलं माणूस मी पुन्हा बघितलेलं नाही. “म्हणजे रविवारपासून?” त्यांनी विचारलं.

“पहिल्या घासापासून,” मी म्हणालो. “सॉरी. फॉर्मवर खोटं लिहिलं मी.”

काकूंनी फोन खाली ठेवला. त्या माझ्यावर ओरडल्या, आणि खरं सांगतो, इतकं बरं वाटलं. त्यांनी मला बादली दिली, ब्रश दिला, जिना दाखवला. मी गुडघ्यांवर बसून घासायला लागलो. स्वेटर वाया गेले होते. वास अंगाला चिकटला होता. मध्येच मला पुन्हा उमळून यायचं आणि मी बादलीत तोंड घालायचो.

काकूंनी आजींना सगळं जर्मनमध्ये समजावून सांगितलं. आजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. एकदा माझ्याकडे बोट करून, एकदा स्वतःकडे. मग त्या माझ्या ओल्या गालिच्याला वळसा घालून, सपाता न भिजवता, फोनपाशी गेल्या. नंबर त्यांना पाठ होता. एकही आकडा न चुकता त्यांनी मुलाला जर्मनीत फोन लावला, आणि पलीकडून आवाज येताच, हॅलोसुद्धा न म्हणता, मला कळेल इतक्या सोप्या जर्मनमध्ये त्या मोठ्याने सांगायला लागल्या, “मी नव्हते! ऐकतोयस? मी नव्हते!”