भाडेकरूंच्या सह्या

सही करायला कुणी पेन काढलं, की दादा आधी कागदावर तळवा ठेवायचे. "घाई काय हाय? चा घ्या. मग बगू." युनियनचा असा पुढारी तुम्हीही क्वचितच पाहिला असेल.

माण गावाच्या पलीकडे सुट्या भागांच्या कारखान्यात आम्ही एकाच पाळीत होतो. दादांची बरीच जमीन आयटी पार्कच्या नव्या टप्प्यात गेली. उरलेल्या तुकड्यावर त्यांनी चाळ बांधून खोल्या भाड्याने दिल्या होत्या.

पगाराचा करार संपत आला होता आणि मला झोप नव्हती. कारखान्यात संघटना दोन. शंभरात एक्कावन्न कामगार जिच्याकडे, तीच सगळ्यांच्या वतीने कंपनीशी बोलणार. आम्हाला अकरा सह्या कमी पडत होत्या. दुसरी संघटना कंपनीच्या मर्जीतली; तिच्याकडे तर आमच्या निम्मेही नव्हते.

"दादा, तुमच्या चाळीतच आपल्या कारखान्यातले चौदा जण राहतात," मी म्हणालो.

"त्यांना न्हाई इचारायचं."

"का?"

"घरमालक मागतोय म्हणल्यावर कोण न्हाई म्हणंल? खोली जाईल म्हणून सही करत्याल. तसली सही मला नको."

"मग आपण बुडणार."

"तू लई घाबरतोस गड्या. घरी वहिनीलाबी घाबरवून ठिवली असशील."

ते खरंच होतं.

मग मॅनेजरांनी आम्हा दोघांना बोलावलं. "तुम्हाला आजच मान्यता देतो. आकडा नंतर जमवा. फक्त रात्रपाळीची बस बंद करायला हो म्हणा."

"साहेब, निम्मं कामगार माझ्याकडं न्हाईत. सगळ्यांची बस मी कशी सोडू?"

बाहेर आल्यावर दादांनी बाटलीभर पाणी उभ्यानेच संपवलं. रिकामी बाटली तिथेच विसरून चालू लागले. भीती एकट्या मलाच नव्हती.

आठवड्याभरात कंपनीने आकडा न बघताच दुसऱ्या संघटनेशी करार केला. बस बंद झाली. आम्ही वकील शोधेपर्यंत दादांच्या बदलीचा हुकूम आला, थेट परराज्यात.

दादा तिकडे रुजू झाल्यावर, परवा त्यांच्या घरी चौकशीला गेलो. चाळीच्या नळावर परभणीकडचा एक भाडेकरू डबा घासत होता. ओळख होती. म्हणाला, "दादांनी आम्हाला कधी विचारलंच नाही. बाहेरचे समजतात, असं वाटलं. मग दुसऱ्या संघटनेवाल्यांनी विचारलं, तर आम्ही चौदाही जण तिकडे गेलो."

वर गच्चीवर दादांच्या पत्नी कपडे वाळत घालत होत्या. दोरीवर त्यांच्याच दोन साड्या होत्या. बाकी दोरी मोकळी.