विमलबाईंची श्रद्धांजली

पोशीरच्या हिरामण शिंगटेचं रेडिओ स्टेशन गोठ्याला लागून असलेल्या पेंढ्याच्या खोलीत होतं. तीस वर्षं वायरमन म्हणून खांबावर चढलेला माणूस. निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात. त्याने काड्यापेटीएवढा ट्रान्समीटर जुळवला, कौलांवर बांबू उभा करून अँटेना बांधली आणि सकाळी आठ ते नऊ बोलायला सुरुवात केली. आवाज मारुतीच्या देवळापर्यंत जायचा, पुढे नुसती खरखर. ऐकणारी घरं चाळीसेक. नळाला पाणी कधी, कोणाची म्हैस सुटलीय, भाताचं रोप कोणाकडे उरलंय, असं सगळं तो सांगायचा आणि मधूनच पेटी वाजवायचा. पेटीबद्दल लोकांची तक्रार होती, पण रेडिओला मधेच गप्प बस म्हणता येत नाही, हे हिरामणला फार सोयीचं वाटे.

शेजारच्या विमलबाईंशी मात्र त्याचा अकरा वर्षांचा अबोला होता. भांडण शेताच्या बांधावरून. बांध हिरामणने सरकवला, असं त्या म्हणायच्या. पावसाने सरकला, असं हा म्हणायचा.

एका मंगळवारी तो पाण्याची वेळ सांगत असताना त्याची बायको रोहिणी अंगणातून ओरडली, "आवं, आयकलंत का? विमलबाय गेली!"

विमलबाई गेल्या होत्या खालापूरला, लेकीकडे. लेक वर्षानुवर्षं बोलवत होती आणि यांचा पाय कोंबड्यांमुळे घरातून निघत नव्हता. आज एकदाच्या टेंपोत बसल्या, म्हणून रोहिणीला नवल. पुढचं सगळं सांगत सांगतच ती हंडा घेऊन नळावर गेली. हिरामणच्या कानाला हेडफोन. त्याच्यापर्यंत पोचलं ते फक्त 'विमलबाय गेली'.

त्याने हेडफोन काढून ठेवला. मग त्याने माईक जवळ ओढला.

"पोशीरकरांनो, आपली विमलबाय गेली. दोन मिनिटं शांत ऱ्हाऊया."

रेडिओ शांत झाला. निम्म्या गावाने आपापले रेडिओ थोपटून पाहिले.

"अशी बाय परत होनार नाय," हिरामण पुढे बोलू लागला. "माझी आई आजारी व्हती तवा रोज पेज घेऊन यायची. तिच्या हातच्या सुकटीचा वास आला की मी भिंतीला नाक लावून उभा ऱ्हायचो. आन् बांध... बांध मीच सरकवला. दोन वीत. पावसाचं नाव सांगितलं." त्याला रडू आवरेना. काय करावं न सुचून त्याने पेटी वाजवली.

साडेनवाला विमलबाईंच्या दारात तीस माणसं. दाराला कुलूप. गावातल्या मयतीला सगळ्यात आधी धावणाऱ्या गजाने तिरडीसाठी बांबूसुद्धा तोडून आणले होते. मयत कुठे आहे हे विचारायला त्याने खालापूरला लेकीला फोन लावला. फोन विमलबाईंनीच उचलला.

"काकी? तुमी गेल्यात ना?"

"गेले म्हंजे काय, पोचले पन! चा पितेय."

गजाने फोनकडे पाहिलं, मग बांबूंकडे.

दुसऱ्या दिवशी बरोबर आठला विमलबाई पेंढ्याच्या खोलीच्या दारात उभ्या. हिरामणचा हात बटणावरच राहिला.

"काय रं हिरामण? साऱ्या गावानं आयकलं, मीच तेवढी ऱ्हायले. परत बोल."

"वयनी, ते गेलेल्या मानसासाठी व्हतं. जित्या मानसाच्या तोंडावर कसं बोलू?"

"मंग समज, गेलेय." त्या कोंड्याच्या पोत्यावर बसल्या, पदर सारखा केला आणि डोळे मिटले.

हिरामणने माईक चालू केला. पेजेपर्यंत ठीक चाललं होतं.

"पेज नव्हती," मिटल्या डोळ्यांनी विमलबाई म्हणाल्या. "मऊ भात व्हता. वर तूप."

"मऊ भात," हिरामण म्हणाला. बांधापाशी त्याने माईक थोडा लांब सरकवला. "दोन वीत..."

"अडीच."

"अडीच." इतकी वर्षं छातीवर बसलेलं काहीतरी उतरल्यासारखं त्याला वाटलं.

दोन मिनिटांची शांतता तो गाळणार होता, पण विमलबाईंनी ऐकलं नाही. स्वतःसाठी त्या स्वतःच मान खाली घालून गप्प बसल्या, आणि ऐकणाऱ्या घरांतही म्हणे कोणी भांडं वाजवलं नाही.

भातकापणी झाल्यावर हिरामणने स्वतः फावडं घेऊन बांध मागे नेला. विमलबाई वीत लावून मोजत होत्या.

पण गावातल्या म्हाताऱ्यांना आता चटक लागली. "मेल्यावर आमाला काय आयकू येनार हाय?" म्हणत एकेक जण येऊ लागला. शेवटी हिरामणने नियम केला: रविवारी एकच श्रद्धांजली, माणूस समोर हजर पाहिजे, आणि दुरुस्त्या तीनच. गजाचा आजोबा सातव्या दुरुस्तीवर अडून बसला, तेव्हा मध्येच पेटी वाजवावी लागली.

सध्या नंबर रोहिणीचा आहे. तीन रविवार पुढे ढकलून झाले. हिरामण रोज सकाळी पाच ओळी लिहितो, त्यातल्या चार खोडतो. ती भाकरी थापता थापता विचारते, "कुटवर आलं?" तो कागद उलटा करतो आणि म्हणतो, "आजून लग्नाचं पयलंच वरीस चालू हाय."